काजलच्या जिभेवरचा मणी

काजल भिसे हिच्यावर अन्याय झाला. कधी? आम्ही अकरावीत असताना, दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. कुठे? निमगाव केतकीच्या बाजारात, रसवंतीला खेटून लावलेल्या एका टेबलावर. वर मोठी छत्री, छत्रीला अडकवलेली टॅटूची चित्रं, गोंदायचं मशीन आणि स्टीलच्या वाटीत बुडवून ठेवलेल्या सुया. त्या वाटीतली सुई उचलून ज्या माणसाने सोळा वर्षांच्या मुलीच्या जिभेतून आरपार घातली, त्याने तिला वय विचारलं नाही, घरच्यांना फोन लावला नाही, हातात मोजे घातले नाहीत. स्वतःचा मोबाईल मात्र शेजाऱ्याच्या हातात देऊन सगळ्याचा व्हिडिओ काढून घेतला.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. आमच्या आरोग्य-प्रचाराच्या गटात आम्हाला हेच शिकवलं: कुणावर, कधी, कुठे ते आधी सांगा, रागावायचं ते मग रागवा. तोंडाच्या आरोग्यावर मी बरीच पत्रकं लिहिली आहेत. गुटख्यावर, मिश्रीवर, आणि आता ओठ-जीभ टोचण्यावर. पण काजल पत्रकात मावत नाही. आणि एक गोष्ट पत्रकात लिहिताही येत नाही, ती इथे लिहून टाकते. मला काजलचा हेवा वाटतो. लहानपणी वाटायचा, आजही वाटतो, आणि हे लिहितानाही तो कमी झालेला नाही.

आम्ही दोघी सणसरच्या. एकाच आळीत घरं. सातवीत शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. मी भाषण पाठ केलं होतं, आरशासमोर हातवारे बसवले होते, कुठे थांबायचं तिथे पेन्सिलने खुणा केल्या होत्या. काजलचं नावच नव्हतं यादीत. ऐनवेळी एक मुलगी आजारी पडली म्हणून बाईंनी हिला ढकललं. ती स्टेजवर गेली, माईकला टिचकी मारली आणि म्हणाली, "मला भाषण येत न्हाय. आमच्या म्हशीला रेडकू कसं झालं ते सांगते." आणि सांगितलं. पाहुणे हसून हसून खुर्चीवरून घसरायचे राहिले होते. पहिलं बक्षीस तिला, दुसरं मला. घरी जाताना ती म्हणाली, "तुझं भाषण चांगलं हुतं गं. मी निम्म्यातच झोपले म्हनून निम्मंच ऐकलं."

ही काजल. नववीत असतानाच ती कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन करायला लागली. नेहमीचा समालोचक जेवायला गेला होता, हिने रिकामा माईक उचलला आणि तो परत आल्यावर दिलाच नाही. नंतर तिला इंदापूरपासून बारामतीपर्यंत बोलावणी येऊ लागली. पोरगी समालोचन करते म्हणून लोक बघायला यायचे आणि ऐकायला थांबायचे. "आला, आला, सणसरचा गडी आला! आरं जावयासारखा काय उभा राहतोस मधी, चहा देनार न्हाय कुनी, शिव आन् पळ! गेला, गेला... धरला! पायाला धरला! मागच्या जन्माची ओळख असल्यासारखा धरलाय, सोडतच न्हाय!" मैदान हसायचं, पकडलेला खेळाडूसुद्धा हसायचा.

आयोजक होते तात्या. धोतर, पांढरी टोपी, खिशात पेन. ते काजलला म्हणायचे, "पोरी, तुझ्या जिभंला हाड न्हाय हे बरं झालं, असतं तर मोडलं असतं." काजलचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. "आवाज मोठा नगं. वेळंवर पायजे. गडी पडल्यावर 'पडला' म्हनायला कुनालाबी येतं. पडायच्या आधी म्हनलं पायजे." मी त्या मैदानाच्या कडेला उभी राहून गुटखाबंदीची पत्रकं वाटत असे. लोक पत्रक घेत, दुमडत, त्यावर भेळ घेत. मी तिला एकदा म्हटलं, "दोन मिनिटं माईक दे, मी बोलते." तिने लगेच दिला. मी बोलले. लोक चहाला गेले. काजलने माईक परत घेतला, लोक परत आले. तिने मला चिडवलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

जीभ का टोचलीस, असं मी तिला नंतर विचारलं होतं. तिचं उत्तर असं: "बारामतीच्या कॉलेजात समद्या बघत्यात गं मला. कबड्डीवाली आली, कबड्डीवाली आली. पायात चिखल असल्यासारखं बघत्यात. म्हनलं, ह्यांच्याकडं नसंल असं कायतरी माझ्याकडं पायजे. आन् जीभ माझी हाय का न्हाय? सातबारा लागतो व्हय त्याला?"

आमच्याकडे बारशाच्या आगेमागे सोनाराकडून कान टोचून घेतात, नाक टोचतात. तार सोन्याची, घरातले सगळे हजर, तोंडात गूळ. टोचणं म्हटलं की आमच्या लोकांना हेच आठवतं, आणि म्हणून त्याची भीती वाटत नाही. पण कानाची पाळी आणि जीभ यांत काही फरक आहे की नाही? जिभेत रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, ती दिवसभर ओली असते, आणि तोंडाइतके जंतू कानाच्या पाळीवर नसतात. हे त्या टेबलावर कुणी सांगितलं? कुणीही नाही.

दोन-तीन दिवसांत जीभ सुजली. काजलला तोंड उघडता येईना. आता जी पोरगी झोपेतही बोलते ती गप्प बसली तर घरात संशय येणारच. म्हणून तिने पाटीवर खडूने लिहून जाहीर केलं की कार्तिक महिन्यात मौन धरलंय, परीक्षेत पास होण्यासाठी. आळीभर हसू. तिची आई, शांताकाकी, मात्र हसली नाही. लेक जेवत नाही, बोलत नाही, गाल फुगलाय. काकीने निदान केलं: पोरीच्या आवाजाला दृष्ट लागली.

मी त्या संध्याकाळी सहज त्यांच्याकडे गेले होते. काजलला पाटावर बसवलेलं. काकीच्या मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. तिच्यावरून मूठ फिरवत काकी म्हणत होती, "घरच्याची, दारच्याची, आल्याची, गेल्याची, मैदानावरच्याची, कॉलेजातल्याची..." मी उंबऱ्यात दिसले. काकी क्षणभर थांबली. मग मूठ जोरात फिरवत म्हणाली, "...आन् मैत्रिणीची!" मूठ चुलीत टाकली. मिरच्या जळाल्या, पण ठसका काही उठला नाही. ठसका उठला नाही म्हणजे दृष्ट जबर. काकी माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंस? इतक्या मिरच्या टाकल्या. नाकाला कळलंसुदिक न्हाय."

पाटावर बसलेली काजल मला डोळा मारत होती.

मग हात धुवायच्या निमित्ताने तिने मला गोठ्यामागे नेलं आणि तोंड उघडून दाखवलं. जीभ एवढी जाड झाली होती की कडांवर दातांचे ठसे उमटले होते. मधोमध स्टीलचा मणी निम्मा रुतलेला, भोवती पिवळट पू. तोंडाला वास. मी हादरले. मी पुस्तकात वाचलं होतं की जिभेची सूज मागे सरकली तर श्वासाची वाट अडते, रक्तात जंतू गेले तर ताप डोक्यात जातो. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल." तिने मान हलवली. मोबाईलवर टाईप करून दाखवलं, "आईला सांगितलंस तर मेलीस."

मी तिथूनच वळले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. "काकी, दृष्ट नाही. हिने जीभ टोचलीय. पू झालाय."

काकीने माझ्या मागोमाग आलेल्या काजलकडे बघितलं. काजलने ओठ घट्ट मिटून नकारार्थी मान हलवली आणि हाताने 'मौन' अशी खूण केली. झालं. काकी माझ्यावर उसळली. "आधी नजर लावायची, मग वर नाव ठेवायचं? सातवीपास्नं बघती मी तुला. माझी पोरगी बोलाया लागली की तुझं तोंड कडू हुतंय. सारं गाव म्हनतंय. जा, घरी जा."

मी घरी आले. रडले नाही, चिडले. कारण काकीचं म्हणणं अर्धं खरं होतं आणि त्या अर्ध्यानेच माझं अर्धं बुडवलं. मी जळत होते हे खरं. जिभेला पू झाला होता हेही खरं. पण जळणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही. माझ्या डोळ्यांत एवढी ताकद असती तर मी आधी गुटख्याच्या टपऱ्या पाडल्या नसत्या का?

पुढे झालं ते सर्वांत वाईट झालं: सूज दवाखान्याविनाच उतरली. मिठाच्या पाण्याच्या चुळा, कुणाकडून तरी मागून घेतलेल्या गोळ्या आणि नशीब. काकीने श्रेय मिरच्यांना दिलं. आळीत ठरून गेलं की दृष्ट होती, माझी होती, आणि काढली. मणी मात्र जिभेतच राहिला.

मग सुरू झाली ती सवय, ज्यासाठी लोकांना काजल आजही आठवते. विचार करताना ती तो मणी समोरच्या दातांच्या आतल्या बाजूवर आपटायची. टक्. चढाई सुरू व्हायच्या आधी माईकवर तो आवाज यायचा. टक् टक्, आणि मग, "निघाला!" लोकांना वेड लागलं. लहान पोरं जिभेने टाळूवर टकटक करत गल्लीतून पळायची. बारामतीत बसस्टँडवर मी "ओठ-जीभ टोचून घेण्यापूर्वी हे वाचा" असं पत्रक वाटत उभी असायचे, आणि समोर कॉलेजच्या दोन मुली एकमेकींना जीभ काढून दाखवायच्या. "कबड्डीवालीसारखी केलीय!" एकीने माझं पत्रक घेतलं, त्यात च्युइंगम गुंडाळलं आणि परत माझ्याच हातात दिलं. सांगा, मी जळू नये?

काजलला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ए पत्रके, तू लिहितीस ते खरं असंल गं. पर वाचायला ऐटदार न्हाय."

वर्षभराने, इंदापूरच्या सामन्यांत, संध्याकाळी, अंतिम सामना रंगात आलेला. माईकवर टक् झालं आणि त्यामागे वेगळाच आवाज आला, खडा चावल्यासारखा. काजल थांबली. तळहातावर काहीतरी थुंकलं, बघितलं, मूठ मिटली आणि म्हणाली, "निघाला!" सामना संपेपर्यंत एक शब्द चुकली नाही. हेव्याने माझं पोट दुखतं ते अशा वेळी. मी असते तर माईक टाकून आधी आरसा शोधला असता.

नंतर तिने मूठ उघडून दाखवली. खालच्या समोरच्या दाताचा कपचा. "चल बारामतीला," ती म्हणाली, "दातवाल्या मॅडमकडं. तुझ्या पत्रकांमुळं तुझ्या वळखीच्या असतील की."

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, त्यांना वाईट वाटलेलं लपवता येत नव्हतं. त्यांनी छोटा आरसा खालच्या दातांच्या मागे धरला आणि मला म्हणाल्या, तूही बघ. मी बघितलं. पुढून दात छान पांढरे. मागून हिरडी खाली सरकून मुळं उघडी पडलेली. एक दात बोट लावलं तरी हलत होता.

"हा मणी कधीपासून वाजवतेस?"

"सारखाच वाजवते."

"टोचल्यावर सूज येणार म्हणून आधी मण्याचा दांडा लांब घालतात. सूज उतरली की तो बदलून आखूड घालायचा असतो. तो लांबच राहिला आणि वर्षभर हिरडीवर, दातांवर घासत राहिला. कुणी सांगितलं नाही?"

काजल म्हणाली, "त्यानं सांगितलं, मिठाच्या पान्यानं चूळ भर आन् मोबाईलवर पाच तारे दे."

"दिलेस?"

"दिले की. दुखत हुतं, तरी दिले."

मॅडमनी मणी काढला. कपचा उडालेला दात घासून गुळगुळीत केला. हलणारा दात मात्र वाचला नाही. सरकलेली हिरडी आपली आपण परत वर चढत नाही, असं त्यांनी सांगितलं. शेजारचे दातही कमजोर झालेत, ते जरा सावरू देत, मग खोट्या दाताचं बघू.

फट पडली ती बरोबर समोर. आणि काजलच्या 'स'मधून शिट्टी निघायला लागली. घरात बोलताना ती गोड वाटायची. माईकवर ती कानात घुसायची. पुढच्या सामन्यात ती "सणसरचा संघ सज्ज!" म्हणाली आणि चढाईला गेलेला गडी मध्येच थांबला. त्याला वाटलं पंचांनी शिट्टी मारली. पुन्हा तसंच झालं. एका संघाचा गुण गेला, भांडण लागलं. तात्या टोपी काढून डोकं खाजवत तिच्याजवळ आले.

"पोरी, आवाज तुझाच हाय. पर पंचाची शिट्टी कुठली आन् तुझी कुठली, गड्यास्नी कळंना झालंय."

"मग 'स' न्हाय म्हनत मी, तात्या."

"सणसरला काय म्हनशील?"

तिने थोडा विचार केला. "आमचं गाव म्हनीन."

तात्यांचे डोळे भरले. पण माईक त्यांनी दुसऱ्या एका पोराला दिला. तो पोरगा बरा बोलतो. गडी पडल्यावर 'पडला' म्हणतो.

आता तरी माझा हेवा संपायला हवा होता. संपला नाही. आमच्या गटाने निमगाव केतकीच्या कनिष्ठ महाविद्यालयात माझा कार्यक्रम ठेवला होता. मी तक्ता लावला, जिभेतल्या रक्तवाहिन्या दाखवल्या, संसर्ग, सूज, तुटणारे दात, सुईतून पसरणारी कावीळ, सगळं सांगितलं. मागच्या बाकांवर मोबाईल चालू होते. दाराशी काजल येऊन उभी होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती सरळ पुढे आली, टेबलावर बसली, आणि तोंड उघडलं.

"या. टॉर्च लावा आन् बघा. फुकाट हाय."

पोरी उठल्या. मग पोरंही. मोबाईलचे टॉर्च लावून एकेक जण वाकून बघू लागला. कुणी "ई" केलं. काजल म्हणाली, "ई काय करतीस? हितं माझं काम हुतं. ह्या भोकातनं गेलं." मग त्यांना 'सासूबाई सकाळी सात वाजता' असं म्हणून दाखवलं. वर्ग हसला आणि हसता हसता गप्प झाला. एक मुलगी कोपऱ्यात जाऊन, पाठ फिरवून, खालच्या ओठातली रिंग काढायला लागली. काजलने तिला थांबवलं. "हितं नगं ओढू, रक्त काढशील. मॅडमकडं जाऊ, मी येते संगं."

माझी सगळी पत्रकं एका बाजूला आणि तिचा एक 'आ' दुसऱ्या बाजूला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "जळतीस व्हय?"

"हो."

"जळ. पर पत्रकात माझं नाव मोठ्या अक्षरात टाक."

बारावीनंतर काजल नर्सिंगला सोलापूरला गेली. इंदापूरच्या स्टँडवर तिला सोडायला काकी आणि मी. गाडी गर्दीने भरलेली. काजलने खिडकीतून बॅग आत टाकून जागा धरली आणि आतल्या एका आजोबांना लगेच हसवलंही. शिट्टीसकट. गाडी निघाली, हायवेला लागली. काकी पदराने चेहरा पुसत उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवा खरंच पू हुता?"

"होता, काकी."

"मग मला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं होतं."

शेजारून ट्रक गेले. "व्हय," काकी म्हणाली. "सांगितलं हुतंस. तू सांगितलंस म्हनूनच ऐकलं न्हाय. पर त्या दिवशी मी तिचं तोंड का उघडलं न्हाय? माझीच पोरगी हुती की."

तुमच्याकडे आहे का याचं उत्तर?

म्हणून आता तुम्हाला सांगते. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी हेवेखोर आहे, माझी भाषा कडू आहे, माझी पत्रकं ऐटदार नाहीत. हे सगळं मान्य. पण आज घरी जा. तुमच्या मुलीला, मुलाला उजेडात बसवा. आरडाओरडा करू नका, हात उगारू नका, नाहीतर ते ओठ मिटून घेतील. 'आ' करायला सांगा. जीभ बघा, ओठाची आतली बाजू बघा, खालच्या दातांच्या मागची हिरडी बघा. काही दिसलं तर घरी ओढून काढू नका, त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे न्या. सूज असेल, गिळता येत नसेल, श्वास लागत असेल, तर सकाळचीही वाट बघू नका.

मुलांनी नाही म्हटलं तर पुन्हा विचारा. उठा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.